लॅमिंग्टन रोडवरील एक दुपार

मुंबईस ग्रँट रोड स्टेशनावर उतरून पूर्वेच्या बाजूनें बाहेर पडलें, कीं थोड्याच अंतरावर लॅमिंग्टन रोड लागतो. १९०३ ते १९०७ या काळांत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचें हें नांव. सरकारी पाटीवर आतां 'डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग' असें लिहिलेलें असलें, तरी लोकांच्या तोंडून जुनें नांव कांहीं सुटत नाहीं. १९७५ सालीं लागलेला 'शोले' ज्या मिनर्व्हा थिएटरांत पांच वर्षें चालला, तें याच रस्त्यावर होतें. रेडिओच्या सुट्या भागांसाठीं प्रसिद्ध असलेली ही पेठ पुढें संगणकाची पेठ झाली.

आमच्या भाच्यानें नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांतील शिलकेंतून खेळासाठीं उंची संगणक जुळवावयाचें ठरविलें होतें. त्याच्या मातोश्रींचें म्हणणें असें, कीं एवढ्या पैशांत चार दागिने झाले असते. तेव्हां मध्यस्थ या नात्यानें आम्हांस बरोबर जावें लागलें.

दुकान अरुंद, खोकीं छतास भिडलेलीं. भाच्यानें प्रथम बोट दाखविलें तें सर्वांत महाग ग्राफिक्स कार्डाकडे. २०२५ च्या जानेवारींत निघालेलें हें आरटीएक्स ५०९० कार्ड, किंमत दोन लाखांहून अधिक. दुकानदार वयस्क व शांत गृहस्थ होते. ते म्हणाले, "कार्ड राहूं द्या. मॉनिटर कोणता घेणार, तें आधीं सांगा."

प्रश्न मार्मिक होता. ज्यास फोर-के म्हणतात, त्या पडद्यावर सुमारें ८३ लक्ष ठिपके असतात. सेकंदास १२० चित्रें हवीं असतील, तर कार्डास दर सेकंदास जवळजवळ शंभर कोटी ठिपके रंगवावे लागतात. १४४० ओळींच्या पडद्यावर ठिपके ३७ लक्षांच्या आंत, म्हणजे अर्ध्याहूनही कमी. अर्थात् पडदा ठरल्यावांचून कार्ड ठरविणें म्हणजे पाहुणे किती, हें न विचारतां तांदूळ वैरणें होय.

"आणि मामा," दुकानदार आम्हांकडे वळून म्हणाले, "हें एकटें कार्ड ५७५ वॉट वीज खातें. त्यास हजार वॉटचा एसएमपीएस हवा. मुलें सारा पैसा कार्डांत घालतात आणि एसएमपीएस हलका मागतात. ज्याच्यावर सर्वांचा जीव, त्यांतच काटकसर!"

मग एकेक भाग काउंटरवर आला. प्रोसेसर रायझेन ७ ९८००एक्स३डी. आठ कोर, परंतु खरी मातब्बरी ९६ मेगाबाइट कॅशची. खेळास वारंवार लागणारी माहिती तेथेंच हाताशीं राहते, दूरच्या रॅमकडे धांव घ्यावी लागत नाहीं. त्यास एएम५ सॉकेटचाच मदरबोर्ड पाहिजे, आणि त्या बोर्डास डीडीआर५ रॅमच चालते. जुन्या डीडीआर४ रॅमची खांच निराळ्या जागीं असल्यामुळें ती बसतच नाहीं. कॅबिनेट घेतांना कार्डाची लांबी मोजावी. कित्येक कार्डें तीस सेंटिमीटरांहून लांब असतात. मुंबईच्या उकाड्यांत हवा खेळेल असें जाळीदार तोंडाचें कॅबिनेट बरें. जाळी मात्र महिन्यास झाडावी.

भाचा बराच वेळ कागदावर बेरजा मांडीत होता. अखेरीस मोठें कार्ड त्यानें आपण होऊन परत ठेवविलें. १४४० ओळींचा मॉनिटर, ३६० वॉटचें आरटीएक्स ५०८० आणि ८५० वॉटचा उत्तम एसएमपीएस, असा बेत ठरला. प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक घालून पक्कें बिल केलें. कारण पुढें वॉरंटीचा प्रश्न आला, तर तोच कागद उपयोगी. शिल्लक राहिली ती त्यानें मातोश्रींच्या नांवें ठेवावयाची ठरविली.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं हा वाद आज ना उद्यां निघेल. अशा वेळीं मुलास 'नाहीं' म्हणण्यापूर्वी वडील मंडळींनीं एकवार त्याच्याबरोबर या पेठेंत जावें. खेळ आपणांस कळो वा न कळो. पैसा कोठें लावावा आणि कोठें आवरावा, याची त्याची समज किती, तें त्या काउंटरापाशीं घटकाभरांत दिसून येतें.