धाकाचा देव नको

दौंड,
वटपौर्णिमेचा दुसरा दिवस

चि. सौ. छबू हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला आणि फोन न करता कागद घेऊन बसले. फोनवर तुझं अर्धं लक्ष कुकरकडे, धाकटी मध्येच फोन ओढणार, आणि मला जे सांगायचंय त्याला निवांतपणा हवा.

आधी एक सांगते. तुझ्या सासरची माणसं भली आहेत. पोराला सिद्धटेकला नेलं ते प्रेमानंच नेलं. पण ‘हा उजव्या सोंडेचा बाप्पा आहे, कडक आहे, खोटं बोललास तर त्याला सगळं कळतं’ हे पाच वर्षांच्या मुलाच्या कानी पडलं, आणि तेव्हापासून तो देव्हाऱ्यासमोरून पळत जातो, रात्री लाइट घालवू देत नाही, हे वाचून जीव कळवळला. तू विचारतेस, की काही दिवस घरात देवाचं सगळं बंदच ठेवू का? जावईबापू म्हणतात तसं, मोठा झाल्यावर त्याचं तो ठरवेल?

बंद ठेवू नकोस. जावईबापूंचं म्हणणं अठराव्या वर्षाला लागू आहे, पाचव्याला नाही. पाच वर्षांच्या मुलाला एकच घर असतं. त्या घरात संध्याकाळी दिवा लागला तर तो काही शिकतो, नाही लागला तरी शिकतोच. आपण गप्प राहिलो म्हणजे मधे राहिलो असं मुलांच्या बाबतीत होत नाही. तेव्हा देव घरात राहू दे, त्याच्या हातात आपण दिलेली छडी तेवढी काढून घे. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पण ते नीट सांगायचं तर थोडं लांबून यावं लागेल.

पहिलीचा वर्ग मी वर्षानुवर्षं सांभाळला. रेल्वेतल्यांची मुलं, एसआरपीतल्यांची मुलं, हंगामात ऊसतोडीला आलेल्यांची मुलं, हिंदू, बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती, सगळी एका बस्करावर. देवाच्या नावाने कुठल्या घरात काय सांगतात ते मुलं मधल्या सुट्टीत एकमेकांना सांगायची आणि मी ऐकायचे. खोटं बोललं की जीभ काळी होते. पुस्तकाला पाय लागला की विद्या जाते. धाक घालायच्या बाबतीत सगळ्या घरांची रीत एकच होती. त्यातून मला एक गोष्ट पक्की कळली. धाकाने मूल खरं बोलायला लागत नाही, लपवायला शिकतं. आणि पुढे आठव्या-दहाव्या वर्षी ते एकदा मुद्दाम खोटं बोलून बघतं. जीभ काळी होत नाही, वीज पडत नाही. त्या दिवशी त्याच्या मनातून देव जातो, आणि खरं बोलण्याचं कारण आपण देवावरच टांगून ठेवलेलं असल्यामुळे तेही त्याच्याबरोबर जातं.

केडगावला नोकरी होती तेव्हा पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनवरून माझं रोजचं जाणं-येणं होतं. रमाबाई आमच्या पाठ्यपुस्तकात चार ओळींत यायच्या. मी पुढे मुद्दाम मिळवून वाचलं. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्या काळच्या शास्त्री मंडळींना ते रुचणारं नव्हतं. शास्त्रीबुवा गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. रमाबाईंचा जन्म तिथलाच, १८५८ सालचा. त्या तान्ह्या असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला निघालं आणि नंतर वर्षानुवर्षं देवळांतून पुराण सांगत हिंडत राहिलं. वडील थकलेले, म्हणून लेकीला शिकवण्याचं काम आईकडे आलं. दिवसा वेळ मिळत नसे. तेव्हा पहाटे, कामाला लागायच्या आत, आई झोपेतल्या मुलीला उठवून जवळ घ्यायची आणि पाठ म्हणून घ्यायची. भागवताचे हजारो श्लोक त्या मुलीला असे तोंडपाठ झाले.

पुढे दुष्काळ पडला. वडिलांनी होतं नव्हतं ते दानधर्मात आणि अनुष्ठानात घातलं. एवढं केलं की देव पावणार, असा त्या काळचा हिशेब. देव पावला नाही. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, बहीण गेली. लहानपणापासून ज्यावर भरवसा ठेवायला शिकवलं होतं त्यावरचा आपला विश्वास उडाला, असं रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

आता यात मला काय दिसतं ते बघ. त्या मुलीला घरातून दोन गोष्टी मिळाल्या होत्या. एक देवघेव: आपण इतकं दिलं की देव तितकं देणार. दुसरी, पहाटेची आईची कूस आणि त्या कुशीत मिळालेले शब्द. पहिली गोष्ट एका दुष्काळात संपली. दुसरी जन्मभर पुरली. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं ते त्या पाठांतराच्या बळावर. धर्म बदलला, देश फिरून झाले, तरी त्यांनी १८८७ साली अमेरिकेत इंग्रजी पुस्तक छापलं ते आईच्या स्मृतीला अर्पण केलं. आणि आयुष्याच्या अखेरीला इथे केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणलं, साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून. ते काम पुरं केलं आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या. भाषेची ही ओढ मला तरी त्या पहाटेच्या पाठांतूनच आलेली दिसते.

याच रमाबाई आई म्हणून कशा वागल्या, तेही तुझ्या प्रश्नाला धरूनच आहे. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांची लेक मनोरमा दोन वर्षांची होती. वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या राहिल्या, तिथेच दोघींचा बाप्तिस्मा झाला. पण मनोरमेला धर्माचं काय आणि किती शिकवायचं यावरून रमाबाईंचं त्या भगिनींशी वाजलं. जे मला स्वतःला अजून पटलेलं नाही ते माझ्या मुलीला खरं म्हणून शिकवू नका, असा त्यांचा आग्रह. परक्या देशात, दुसऱ्याच्या आसऱ्याला राहून हा आग्रह धरायला केवढं धैर्य लागलं असेल!

इकडे परत येऊन त्यांनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, दुसऱ्या वर्षी ते पुण्याला हलवलं. तिथल्या विधवा मुलींवर धर्माची सक्ती करायची नाही, असं ठरलेलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि खोलीचं दार उघडं असायचं. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. त्यावरून १८९३ साली पुण्यात केवढं वादळ उठलं! न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या. मला यात पालकही चूक वाटत नाहीत. त्यांनी एका शब्दावर विश्वासून मुली ठेवल्या होत्या, आणि दिवसरात्र जिच्या मायेत राहायचं तिचं उघडं दार म्हणजेही एक ओढच. नंतर दुष्काळ आणि प्लेगच्या दिवसांत केडगावला मुक्ती उभं राहिलं, शेकडो अनाथ मुली आल्या, १९०० च्या सुमाराला तिथली वस्ती दीड-दोन हजारांवर गेली, तेव्हा तर त्या पोरींना दुसरं घरच नव्हतं. त्या ख्रिस्ती म्हणूनच वाढल्या. त्यांनी निवड केली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या जगल्या, लिहायला-वाचायला शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या, आणि हे होतं म्हणूनच त्या माणसात आल्या, हेही तितकंच खरं.

आपल्या घरातल्या मुलाचं याहून वेगळं नसतं गं. त्यालाही दुसरं घर नसतं. म्हणून आपल्यावर जबाबदारी जास्त. तू दिवा लाव, त्याला बोलावू नकोस आणि दार लावू नकोस. आला तर शेजारी बसव. पळाला तर पळू दे. ‘शुभंकरोति’ म्हणायचं ते तू स्वतःसाठी म्हण, त्याच्या कानावर पडेल. पाहुण्यांपुढे मात्र ‘म्हणून दाखव’ करू नकोस. माझा यावर फार राग आहे. जे रात्री अंथरुणात एकटं असताना मनाला आधार द्यायचं, ते आपण बैठकीत मिरवायला लावतो.

आणि ‘देव कुठे असतो’ असं विचारलं तर जेवढं तुला स्वतःला खरं वाटतं तेवढंच सांग. ‘मला अजून नीट कळलेलं नाही, पण हात जोडले की मला बरं वाटतं’ एवढंच तुझं खरं असेल तर तेवढंच. खोटं बोलण्याचा प्रश्न तुमच्या दोघांत ठेव. कप फुटला तर काचा तुम्ही दोघं मिळून गोळा करा. लपवलं तर ‘मला वाईट वाटलं’ असं म्हण, ‘बाप्पाला’ नको. आईला वाईट वाटतं हे त्याला डोळ्यांनी दिसतं.

आपल्या वारीचंही एक सांगायचं राहिलं. देहूची पालखी सुरू केली ती तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबा यांनी, १६८५ साली. परंपरा सांगते की तुकोबा गेले तेव्हा त्यांच्या पत्नी जिजाई गरोदर होत्या. म्हणजे नारायणबाबांनी वडील पाहिलेच नाहीत. त्यांना वाढवलं ते जिजाईंनी, ज्या विठ्ठलाला तोंडावर बोल लावायच्या असं सगळे सांगतात. ज्या घरात विठोबाशी मोकळेपणी भांडण होत होतं, त्याच घरातल्या मुलाला बापाच्या पादुका पालखीत ठेवून पंढरपूरला जावंसं वाटलं. धाकातून असं काही उगवत नाही. जिजाईंचा राग खरा होता, वरवरची भक्ती नव्हती, आणि मुलाला घरात खरं काहीतरी चालू आहे एवढं कळलं तरी पुरतं, असं मला वाटतं.

आता सासूबाईंचं. त्यांना ‘तुम्ही पोराला घाबरवलंत’ असं बिलकूल म्हणू नकोस. त्यांनाही त्यांच्या आजीने हेच सांगितलेलं असणार. उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळंओवळं कडक असतं म्हणतात, ते पूजा करणाऱ्यांनी सांभाळायचं. पोराचा त्याच्याशी काय संबंध? उलट त्यांनाच गोष्टी सांगायला बसव. सिद्धटेकची गोष्ट अशी, की मधु-कैटभांशी लढता लढता विष्णू अडला, आणि मदत मागायला गणपतीकडे आला. आणि रांजणगाव तर तुमच्या तालुक्यातलंच, जावईबापू रोज कंपनीत जातात त्या नगर रस्त्यावरचं. तिथे महादेव त्रिपुरासुराशी लढायला निघाले ते गणपतीला नमस्कार करायचं विसरून, आणि जिंकता येईना तेव्हा बापाने लेकाची आराधना केली. बाप लेकाला हात जोडतो ही गोष्ट पाच वर्षांच्या मुलाला सांगून तर बघ, त्याचा चेहरा कसा फुलतो! येत्या संकष्टीला संध्याकाळी तिघं जाऊन या. आजीचा हात धरून जाऊ दे, ज्यांच्या बोलण्याने भीती बसली त्यांच्याच बोलण्याने ती निघालेली बरी.

सिद्धटेकलाही त्याला परत ने, पण घाई नको, त्यानं आपणहून नाव काढलं की. गर्दीचा दिवस टाळ. पूर्वी आम्ही शिरापूरच्या बाजूने होडीने भीमा ओलांडायचो, आता पूल झालाय, पुलावर थांबून नदी दाखव. देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधलं हेही सांग. गाभाऱ्यात जायला नको म्हणाला तर बाहेरून टेकडीची प्रदक्षिणा घाला, तीही गणपतीचीच.

दहा-बारा दिवसांत तुकोबांची पालखी आमच्या तालुक्यात येईल. यवतच्या मुक्कामाला मी जाणार आहे, पिठलं-भाकरीच्या कामाला. गावातल्या घराघरांतून भाकऱ्या येतात, त्या टोपल्यांत रचायला आणि वाढायला हात कमी पडतात. न्हावऱ्यावरून चौफुल्याला उतर, मी तिथे घ्यायला येते. थोरल्याला भाकऱ्या मोजून टोपलीत ठेवायचं काम देऊ. त्याला शंभरपर्यंत येतात ना? जावईबापूंची पाळी बदलून मिळत असेल तर त्यांनाही आण. नाही आले तर रागावू नकोस, त्यांच्यासाठी पिठलं डब्यात भरून देईन. धाकटीसाठी टोपी आणि जादा कपडे घे, पाऊस केव्हाही येतो.

दादा-वहिनींना माझा नमस्कार सांग. सासूबाईंनाही सांग, आणि यवतला त्याही आल्या तर मला आनंद होईल.

तुझी,
आत्या