हिवाळ्यातलं ॲव्हरेज

जोजिला बर्फाखाली गेला की लडाखात उन्हाळ्यात जमवलेल्या साठ्यावरच पुढचे महिने काढायचे, हे तिथे राहिलेल्या प्रत्येक जवानाला ठाऊक असतं. त्यामुळे कार डायरीतला ॲव्हरेजचा रकाना तिथे कोणी नुसता भरून सोडत नाही. तो वाचला जातो आणि आकडा खाली आला की प्रश्न विचारला जातो.

मी एमटीचा जेसीओ असताना हा प्रश्न आमच्या एका ड्रायव्हरपर्यंत आला. माण तालुक्यातला नाईक, आठ वर्षं स्टिअरिंगवर. त्याची छोटी पेट्रोल गाडी पठाणकोटला लिटरला 11 किलोमीटर द्यायची. जानेवारीत ती 8 वर आली. "पेट्रोल जातंय कुठे?" असं लंगरमध्ये कोणीतरी मोठ्याने बोललं. फौजेत या वाक्याचा अर्थ एकच निघतो. पोराचं जेवण सुटलं. मला म्हणाला, "साहेब, गाडी काढून घ्या, पण हा डाग नको."

मी त्याला म्हटलं, "गाडी तूच चालव. फक्त आठ दिवस सगळं लिहून ठेव." स्टार्ट किती वाजता, बाहेर तापमान किती, उभ्या गाडीत इंजिन किती मिनिटं चालू, फेरी किती किलोमीटरची.

आठ दिवसांनी वही बोलायला लागली. गाडीच्या दिवसाला चार फेऱ्या, प्रत्येकी 5 किलोमीटर. म्हणजे 20 किलोमीटर. 11 च्या हिशेबाने 1.8 लिटर लागायला हवं, लागत होतं अडीच. जास्तीच्या 0.7 मधलं जवळपास अर्धा लिटर गाडी उभ्या-उभ्याच पीत होती. सकाळी गरम करायला वीस मिनिटं आणि पुन्हा चालू होईल की नाही या धास्तीने प्रत्येक थांब्यावर चालू ठेवलेलं इंजिन. उरलेलं गार इंजिनाच्या छोट्या फेऱ्यांत जात होतं. इंजिन गार असताना पेट्रोल जास्त सोडावं लागतं, ऑइल घट्ट असतं, गिअरबॉक्सही जड फिरतो. 5 किलोमीटरमध्ये हे सगळं पुरतं गरम व्हायच्या आतच गाडी मुक्कामाला पोचते.

हे फक्त आमच्या वहीचं म्हणणं नव्हे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे आकडे सांगतात की 25 अंशांच्या तुलनेत उणे 7 ला पेट्रोल गाडीचं शहरातलं ॲव्हरेज सुमारे 15 टक्क्यांनी घटतं, आणि पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांत ही घट 24 टक्क्यांपर्यंत जाते. आमच्याकडे पहाटे उणे 20 असायचं.

मग ऑइलकडे वळलो. खालून आलेल्या गाडीत 15डब्ल्यू-40 होतं. डब्ल्यू म्हणजे विंटर. 15डब्ल्यू ऑइलची थंडीत इंजिन फिरवण्याची चाचणी उणे 20 ला घेतात, 5डब्ल्यूची उणे 30 ला. मागचा आकडा 100 अंशांना, म्हणजे गरम इंजिनात, ऑइल किती घट्ट राहतं ते सांगतो. उणे 20 ला आमचं ऑइल शेवटच्या पायरीवर उभं होतं. कोल्हापूरकडच्यांनी हिवाळ्यातली काकवी आठवावी. डबा तिरका केला तरी धार यायला वेळ लागतो.

गाडीच्या पुस्तकात 5डब्ल्यू-30 ला परवानगी होती, तेच भरलं. आठवडाभर बाकी काहीच बदललं नाही. ॲव्हरेजमध्ये फरक पडला, पण पेन्सिलीच्या टोकाएवढा. योग्य ग्रेडचं ऑइल साधारण एक-दोन टक्केच वाचवतं. खरी कमाई वेगळीच होती. पहाटे गाडी पहिल्या सेल्फला उठू लागली, बॅटरीचे हाल थांबले. आणि गाडी पुन्हा चालू होणार याची खात्री पटली तसा ड्रायव्हर थांब्यावर इंजिन बंद करू लागला. रात्री आजारी जवानाला खाली न्यायची वेळ आली, तर ही खात्री पेट्रोलपेक्षा महाग असते.

त्यानंतर चार फेऱ्यांच्या दोन केल्या. सकाळी मिनिटभर इंजिन चालवून गाडी हळू काढायची, चालता-चालताच ती गरम होते. टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची, कारण तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होतो. महिनाअखेर ॲव्हरेज साडेनऊवर आलं. सुभेदार मेजर साहेबांनी रोल कॉलमध्ये दोन्ही महिन्यांचे आकडे वाचून दाखवले आणि त्या नाईकाचं नाव घेऊन "शाबास" म्हणाले. लंगरमधली कुजबुज त्या दिवशी संपली.

डिझेलची गोष्ट वेगळी. थंडीत त्यातलं मेण गोठतं आणि फिल्टर चोंदतो. 2019 च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने लडाखसाठी हिवाळी डिझेल आणलं. ते उणे 33 पर्यंत वाहतं राहतं.

आता निवृत्तीनंतर पुण्या-साताऱ्यात गाडी चालवणारे मित्र विचारतात, पातळ ऑइल घालू का, ॲव्हरेज वाढेल का? आपल्याकडच्या 10-12 अंशांच्या थंडीसाठी त्या नादी लागू नका. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं ऑइल घाला, हवा तपासा, भाजी आणि बँक एकाच फेरीत उरका. आणि तुमच्या हाताखाली ड्रायव्हर असेल, तर हिशेब चुकल्याबरोबर त्याच्याकडे बोट दाखवू नका. आधी त्याच्या हातात एक वही द्या.

जय हिंद.