लिस्बनचं ऊन आणि काशियशचा चढ

मे महिन्यात नागपूरची बाई ऊन शोधायला युरोपात निघाली म्हटल्यावर बर्डीवरचा पानवालासुद्धा हसेल. आमच्या ट्रॅव्हल एजंटला तर हसू आवरेना. "काकू, ऊन पाह्यासाठी एवढे पैसे काहून घालवून राहिल्या? दुपारी दोनला व्हरायटी चौकात उभ्या राहा, फुकट भेटते!"

त्याचं चूक नव्हतं. नवतप्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, कूलरचं पाणी गरम होतं आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंही फिरकत नाही. पण माझी लेक म्युनिकला नोकरी करते. तिथला लांबलचक हिवाळा काढून ती कंटाळलेली, मी इथल्या काहिलीला. तिला ऊन हवं होतं, मला सावली. दोघींना चालेल असं एकच गाव सापडलं, ते लिस्बन. वर्षाकाठी सुमारे २,८०० तास सूर्यप्रकाश, आणि तरी मेअखेरीस दुपारचं तापमान बावीस-तेवीसच्या आसपास. अटलांटिकचा वारा उन्हाला डोकं वर काढू देत नाही. अथेन्स आणि माद्रिद यादीत होते, पण उन्हाळा तोंडावर आला की तीही गावं तापायला लागतात. नागपूर सोडून तिथे जायचं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

लेकीने रजा मागितली आणि लगोलग एक्सेलची शीट पाठवली. सकाळी बेलेम, दुपारी सिंत्राचे राजवाडे, संध्याकाळी काबो दा रोका, म्हणजे मुख्यभूमी युरोपचं पश्चिम टोक, रात्री फादू गाण्यांची बैठक. दुसऱ्या दिवशी मत्स्यालय आणि काश्काइशचा किनारा. प्रत्येक रकान्यात वेळ, शेवटच्या रकान्यात खर्च. मी त्यात एक ओळ घातली: काशियश.

लगेच फोन. "आई, काय आहे गं तिथे? नेटवर तर बघण्यासारखं काहीच दिसत नाही."

"तुरुंग आहे."

"सुट्टीत तुरुंग बघायला कोण जातं?"

मग तिला मोहन रानडे सांगावे लागले. कॉलेजात असताना वाचनालयातून त्यांचं 'सतीचे वाण' आणलं होतं, तेव्हापासून काशियश हे नाव डोक्यात बसलेलं. रानडे मूळचे सांगलीचे. तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेल्या गोव्यात सावईवेऱ्याला मराठी शिकवायला गेले आणि आझाद गोमंतक दलाचं काम करू लागले. १९५५च्या ऑक्टोबरात बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. शिक्षा झाली २६ वर्षांची. पुढे त्यांना लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात ठेवलं. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला, पेढे वाटले गेले, पण हा माणूस तिकडेच. सुटायला १९६९चा जानेवारी उजाडला. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी जिवाचं रान केलं. मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी तर थेट पोप पॉल सहावे यांच्याकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला.

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग लेक म्हणाली, "बरं, सिंत्रा काढते."

मोजक्या दिवसांच्या सहलीत सगळी भांडणं गाळण्यावरूनच होतात. सिंत्रा गेलं, मत्स्यालय गेलं, काबो दा रोकाही गेलं. सोमवारी तिथली बरीच संग्रहालयं आणि बेलेमचा मठ बंद असतात. म्हणून सोमवार नुसता पायी भटकायला ठेवला. मग कागदपत्रं: शेंगेन व्हिसाची फी प्रौढांना ९० युरो, प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा, सोबत बँकेचं स्टेटमेंट, राहण्याची आणि परतीच्या तिकिटाची नोंद. बोटांचे ठसे द्यायला मुंबईची एक खेप घातली. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उन्हाळ्यात झुंबड असते म्हणून तो जितका लवकर तितका बरा. नागपूरहून थेट दोह्याचं विमान असल्यामुळे दिल्ली-मुंबईचा फेरा वाचला. दोह्याहून लिस्बन. लेक म्युनिकहून आधीच येऊन विमानतळावर उभी होती.

विमानतळ शहराला लागूनच आहे, मेट्रो थेट आत येते. स्टेशनवर 'नवेगान्ते' नावाचं पुठ्ठ्याचं कार्ड घ्यायचं आणि त्यात पैसे भरायचे. मेट्रो, ट्राम, बस, नदीकाठची लोकल, सगळीकडे तेच चालतं. मात्र एका कार्डावर दोघींना जाता येत नाही, माणशी वेगळं लागतं.

बाहेर पडल्यावर पहिल्यांदा डोळे मिटावे लागले. नागपूरचं ऊन वरून मारतं, इथलं खालून येतं. फुटपाथ पांढऱ्या चुनखडीच्या लहान लहान तुकड्यांचे, मध्ये काळ्या दगडाची नक्षी. गाव टेकड्यांवर चढत गेलेलं, भिंती फिकट रंगाच्या नाहीतर चकचकीत टाइल्सनी मढवलेल्या, आणि समोर तेजो नदीचं पात्र इतकं रुंद की तोच समुद्र वाटावा. तिकडून उजेड परततो, भिंतींवरून पुन्हा परततो. संध्याकाळी साडेआठलाही चांगला उजेड. आमच्याकडे त्या वेळेला दिवेलागणी होऊन जेवणंही आटोपत आलेली असतात. फुटपाथचे दगड मात्र लाखो पावलांनी झिजून गुळगुळीत झालेत. उतारावर लेकीचा हात धरूनच चालत होते. माझ्या वयाच्या बायकांनी इथे येताना रबरी तळव्याचे बूट आणावेत, साडीची हौस घरी ठेवावी.

बाइशा हा मधला सपाट भाग सरळ रेषांत आखलेला. कारण जुना भाग उरलाच नाही. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ. चर्चमध्ये गर्दी आणि मेणबत्त्या. भूकंपाने इमारती पडल्या, मेणबत्त्यांनी आगी लागल्या, आणि जीव वाचवायला नदीकाठी धावलेल्यांवर लाट आली. आग कित्येक दिवस धुमसत होती. पुढे मार्क्विस पोंबाल याने शहर नव्याने उभारलं. भिंतींच्या आत लाकडी पिंजरा बसवायची पद्धत निघाली, म्हणजे हादरा बसला तरी घर डोलेल पण कोसळणार नाही. नमुना पारखायला त्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं होतं, असं सांगतात.

त्या भूकंपाची खूण कार्मुच्या मठात अजून आहे. छप्पर कोसळलं ते कोसळलंच, पुन्हा पूर्ण बांधलं नाही. दगडी कमानी आभाळाखाली उघड्या. बाहेरच्या छोट्या चौकात जॅकरांडाची झाडं जांभळी फुलून आलेली, खाली फुलांचा सडा. मेअखेरीस आमच्याकडे गुलमोहर पेटलेला असतो, इथे हा रंग. याच चौकातल्या बराकीत २५ एप्रिल १९७४ला पोर्तुगालचा हुकूमशाहीतला शेवटचा पंतप्रधान मार्सेलो काएतानो लपला होता आणि संध्याकाळी शरण आला. उठाव केलेल्या सैनिकांच्या बंदुकांत लोकांनी कार्नेशनची फुलं खोवली. आपल्याशी याचा संबंध आहे. आधीचा हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने गोवा हा पोर्तुगालचाच प्रांत असल्याचा हेका कधी सोडला नाही. १९६१नंतरही नाही. फुलांची क्रांती झाली तेव्हा कुठे ३१ डिसेंबर १९७४च्या करारात पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं.

पोटाची सोय सांगायलाच हवी. शाकाहारी माणसाने 'काल्दु व्हेर्द' नावाचं हिरवं सूप मागवताना दोनदा विचारावं, कारण पालेभाजी-बटाट्याच्या त्या सुपात सॉसेजची चकती हमखास तरंगते. पाश्तेल द नाता हा अंड्याच्या पिवळ्या बलकाचा पुडाचा पेढा, वर जळके डाग, त्यावर दालचिनी. अंडं चालत असेल तर गरम असतानाच खावा. कॅफेच्या काचेच्या कपाटात 'शामुसा' दिसला आणि लेकीने हसून बोट दाखवलं. आपला समोसाच, गोव्याच्या वाटेने इथवर आलेला. आत खिमा. चटणी मागितली तर पोऱ्याने मोहरीची बाटली पुढे केली.

एका फळवाल्याकडे अल्गार्व्हची संत्री मांडलेली. नागपूरकराने परक्या गावात संत्रं बघून पुढे जायचं म्हणजे पापच. एक घेतलं. साल जाड, फोडीला घट्ट चिकटलेली, नखाने निघेना. फळवाल्याने सुरी काढून चार तुकडे केले. रस भरपूर, गोडी एकसुरी. आमच्या मृगबहाराच्या संत्र्यात गोडीच्या मागून जी आंबट झणक येते, ती नाही. "आई, छान आहे की," लेक म्हणाली. "ज्यूसला छान आहे," मी म्हटलं, आणि काटोलच्या संत्र्याची इज्जत राखली.

बेलेमला जेरोनिमोस मठात शिरलं की डाव्या हाताला वास्को द गामाची दगडी समाधी. शवपेटीवर झोपलेला पुतळा, हात जोडलेले, पेटीच्या कडेला कोरलेलं गलबत. हा माणूस मेला कोचीत, १५२४च्या नाताळाच्या आदल्या दिवशी. आधी तिथेच पुरला, मग अस्थी पोर्तुगालला आणल्या, आणि या मठात आल्या १८८०मध्ये. समोर उजव्या हाताला कवी कामोइंश. लोक फोटो काढून पुढे सरकत होते. नदीकाठी शोधयात्रांचं ५२ मीटर उंच स्मारक आहे, १९६०चं, म्हणजे सालाझारच्याच काळातलं. त्याच्यासमोर जमिनीवर संगमरवरात जगाचा नकाशा बसवला आहे. पोर्तुगीज गलबतं कुठे कोणत्या साली पोचली, ती सालं त्यावर कोरलेली. पोरं आफ्रिकेवरून हिंदी महासागरात उड्या मारत होती. मी भारताच्या किनाऱ्यावर उभी राहून लेकीला म्हटलं, "पोचल्याची सालं आहेत, निघाल्याची नाहीत. इथे १७३९ हवं, चिमाजी अप्पांनी वसई घेतली ते. आणि खाली १९६१."

अठ्ठावीस नंबरची पिवळी ट्राम सगळ्यांना माहीत असते. दिवसा तिच्यात पर्यटक आणि पाकीटमार दाटीवाटीने उभे असतात. सकाळी लवकर बसलो तर खिडकी मिळाली. कॅथेड्रलपाशी उतरलं की रस्त्याकडेलाच अल्जुबे आहे, सालाझारच्या काळातला राजकीय कैद्यांचा तुरुंग. १९६५मध्ये तो बंद झाला, आणि २०१५पासून तिथे प्रतिकाराचं संग्रहालय आहे. आत कोठड्यांचा नमुना केला आहे. रुंदी जेमतेम एक मीटर, लांबी दोन. लेक आत उभी राहिली आणि दोन्ही हात पसरायला गेली. कोपरं वाकवावी लागली. बाहेर आल्यावर तिनेच विचारलं, "काशियशला गाडी कुठून?"

काइश दु सोद्रे स्थानकातून काश्काइशची लोकल सुटते आणि नदी धरून जाते. बेलेम मागे पडलं की डब्यात टॉवेल आणि छत्र्या घेतलेली समुद्रावर निघालेली मंडळी उरतात. काशियशला बहुतेक जण पुळणीच्या बाजूला वळले. तिथे पाण्याशी साओ ब्रुनोचा देखणा छोटा किल्ला आहे, पण तो वेगळा. तुरुंगाचा किल्ला वरच्या अंगाला, टेकडीवर. आम्ही घरांच्या गल्ल्यांतून चढत राहिलो. ऊन पाठीवर होतं, वारा होता, घाम मात्र नव्हता. वर भिंत लागली. तो आजही तुरुंगच आहे, चालू तुरुंग, त्यामुळे आत सोडत नाहीत आणि रेंगाळणंही बरं दिसत नाही. १९७४च्या एप्रिलअखेर इथले राजकीय कैदी सुटले तेव्हा याच बाहेरच्या रस्त्यावर त्यांचे नातेवाईक रात्रभर थांबले होते. रानडे त्याआधी पाच वर्षं इथून गेलेले.

"एवढ्या वर्षांत त्यांना मराठी बोलायला कोणी होतं का गं?" लेकीने विचारलं.

तिला म्युनिकला मराठी मंडळ आहे, गणपती आहे, रोज रात्री माझा व्हिडिओ कॉल आहे. मी म्हटलं, "शाळेत मराठी शिकवायला म्हणूनच तर गोव्यात गेले होते." ती काही बोलली नाही. खाली उतरताना मात्र तिने सावईवेरे नकाशावर शोधलं, मग बेती.

बेती पणजीच्या समोर, मांडवीच्या पलीकडे. फेरीबोटीने काही मिनिटं. आम्ही गोव्याला गेलो की त्याच धक्क्यावरून पलीकडच्या किनाऱ्यांना पळतो. आग्वादचा तुरुंगही आता संग्रहालय झाला आहे, राममनोहर लोहिया आणि त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा यांच्या कोठड्या तिथे बघता येतात. लोकलची वाट पाहत बाकावर बसल्या बसल्या लेकीने मोबाइलवर नवी शीट उघडली. वरती लिहिलं: डिसेंबर, गोवा. पहिल्या रकान्यात सावईवेरे, दुसऱ्यात बेती, तिसऱ्यात आग्वाद. चौथ्या रकान्यात तिने समुद्रकिनारा टाकला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हा गाळायचा नाही हं, आई."

मी म्हटलं, राहू दे. आधीचे तीन हलवायचे नाहीत, एवढीच अट.