जुन्या तुळईची गिटार

लाकडाला सूर असतो, असे आपण सहज म्हणून जातो. सतार, तंबोरा किंवा पोकळ पेटीची साधी गिटार ह्यांच्या बाबतीत ते खरेही आहे. तेथे तारेचा कंप पातळ फळीत उतरतो आणि ती फळीच हवेला हलवते. इलेक्ट्रिक गिटारची गोष्ट निराळी. तिचे अंग भरीव असते. तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, ह्यालाच पिकअप म्हणतात. पोलादी तार हलली की त्या वेढ्यांत अल्पसा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो आणि ध्वनिवर्धकातून तोच आपल्या कानी येतो. पिकअप ऐकते ते तारेला, लाकडाला नव्हे. असे असता लाकडाची एवढी चिकित्सा कशासाठी?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो आमच्या एका कुटुंबामुळे. शहापूर आणि मुरबाड ह्या दोन तालुक्यांत विखुरलेले आमचे लोक. त्यांतील एक तरुण मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातो आणि रविवारी गायनवृंदात गिटार वाजवतो. गुरुविद्यालयात मीही हे वाद्य हाताळले असल्याने तारा आणि खुंट्या हा आमच्या गप्पांचा नित्याचा विषय. स्वतःच्या हातांनी इलेक्ट्रिक गिटार घडवायची, असे त्याने मनावर घेतले आणि दोन वर्षे पैसे साठवले. त्याच सुमारास त्यांचे कौलारू घर उतरवले गेले. आजोबांच्या वेळचे सागाचे खांब आणि तुळया अंगणात रचल्या होत्या. जुन्या लाकडाचा व्यापारी सौदा ठरवून गेला होता, आणि त्या पैशांतून नव्या घराच्या चौकटी व्हायच्या होत्या. मुलाची नजर एका तुळईवर होती. वडील मला म्हणाले, "फादर, दाराची चौकट मोठी की ह्याचं वाजवणं? तुम्हीच सांगा."

असा न्याय करणे मला रुचत नाही. मी आधी मुलाची यादी पाहायला मागितली.

यादी सगळी परदेशी होती. अंगासाठी अ‍ॅश, मानेसाठी मॅपल, बोटे फिरतात त्या पट्टीसाठी 'ईस्ट इंडियन रोझवूड'. हे नाव वाचून मला हसू आले. आपल्या वाचकांना ईस्ट इंडियन म्हटले की मुंबई-ठाण्याकडील आपली माणसेच आठवणार! येथे अर्थ मात्र आपल्या शिसवाचा. ब्राझीलमधील शिसव दुर्मीळ होत गेले तसे परदेशी गिटारांवर दक्षिण भारतातील शिसव चढले. १९९२ साली तर ब्राझीलच्या शिसवाचा व्यापार जवळजवळ बंदच झाला. २०१७ साली शिसवाच्या सर्व जातींना आंतरराष्ट्रीय परवान्याची अट लागली आणि २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. अ‍ॅशचीही तीच कथा. झाडे पोखरणारी कीड आणि मिसिसिपीचे पूर ह्यांमुळे २०२० साली फेंडर कंपनीने आपल्या नित्याच्या बहुतेक गिटारांतून ते काढून टाकले. जे लाकूड तेथेच मिळेनासे झाले, ते शहापुरात मागवण्याचा आटापिटा कशाला?

मग मी त्यांना ब्रायन मे ह्यांची हकीकत सांगितली. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या 'क्वीन' ह्या वाद्यवृंदाचे ते गिटारवादक. १९६३ साली, सोळाव्या वर्षी, त्यांनी वडिलांबरोबर घरीच गिटार करायला घेतली. तिला दोनेक वर्षे लागली. मान केली ती जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीतून. त्या लाकडाला किडीची भोके होती, ती आगकाडीच्या तुकड्यांनी बुजवली. अंगासाठी जुन्या टेबलाचे ओक वापरले. जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा आणि आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याची बटणेही तिच्यात बसवली. पिकअपही त्यांनी स्वतः गुंडाळली होती. पण ती मनासारखी वाजेनात, तेव्हा विकतची आणून बसवली. पैसे कोठे वाचवावेत आणि कोठे मोजावेत, हे त्या बापलेकांना नेमके कळले होते. मुलाचे वडील हे सारे लक्ष देऊन ऐकत होते. 'बापलेक' ह्या शब्दाशी ते किंचित थांबले, असे मला वाटले. कदाचित तो माझा भासही असेल.

माझे मत असे: खर्च करायचा तो खुंट्यांवर, घोडीवर आणि पिकअपवर. खुंटी घसरली तर गाणे मध्येच बेसूर होते. घोडीवर तार नीट बसली नाही तर पडद्यापडद्याला स्वर चुकतो. अंगाचे लाकूड कोरडे, न फाटणारे आणि खांद्याला पेलणारे असले म्हणजे पुष्कळ झाले. साग जडच, म्हणून आतून थोडा कोरावा लागतो. त्याच्या तेलकटपणामुळे सांधा चिकटवण्यापूर्वी पृष्ठभाग पुसून घ्यावा लागतो, आणि तो हत्यारांची धार लवकर घालवतो. हे दोष ध्यानी घेऊनही, इतकी वर्षे छपराखाली वाळलेला साग वखारीच्या ओल्या लाकडाहून केव्हाही बरा.

मान हा मात्र वेगळा विषय. सहा तारांचा मिळून सुमारे ४५ किलोंचा ताण तिच्यावर अहोरात्र असतो. आत लोखंडी सळई घातली तरी लाकडाचे रेषे सरळ नसतील, मध्ये गाठ असेल, तर ती वाकते. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर हमखास.

हे ऐकून वडील उठले आणि अंगणात गेले. हा मनुष्य तरुणपणी सुताराच्या हाताखाली राबलेला. व्यापाऱ्याने खोबणींमुळे नाकारलेला एक सात इंची खांब त्यांनी पायाने उलटवला. "ह्याच्या दोन फळ्या जोडल्या तर रुंदी पुरते. आणि खोबणी पडल्यात त्या जागी तुला पिकअपसाठी कोरायचंच आहे ना?" मुलगा पाहतच राहिला. मलाही हे सुचले नव्हते. अंगाचा प्रश्न एका पैशाचाही तोटा न होता सुटला.

मग ते तुळईजवळ गेले. तिच्या टोकाशी बसून त्यांनी रेषे पाहिले, नखाने खरवडले, कान जवळ नेऊन बोटाने ठोकले. बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी त्यांनी पेन्सिलीने टोकापासून दोन हातांवर खूण केली. "मानेला खांब चालायचा नाही. रेषे तिरपे आहेत त्याचे." आखूड झालेल्या तुळईचे पैसे व्यापाऱ्याने अर्थातच कापले. नव्या घराच्या मागच्या दाराला आता साध्या लाकडाची चौकट आहे. त्याविषयी घरातल्या माउलीचे मत काही वेगळे आहे, आणि ते त्यांनी मला स्पष्ट शब्दांत ऐकवलेही आहे!

खांब कापण्यापूर्वी त्यातून अकरा खिळे निघाले. पट्टीसाठी मात्र शिसवच घेतले. ते कल्याणच्या एका वखारीत मिळाले. कापलेले लाकूड लगेच घडवू नये, कारण आतला ताण मोकळा झाला की ते थोडे फिरते. म्हणून मानेचा तुकडा चारही बाजूंनी हवा लागेल असा, पाट्यांवर आडवा ठेवला आहे. पिकअप आणि खुंट्या खोक्यातच आहेत. मुलगा पाळीवरून येतो तेव्हा झोपेने डोळे मिटत असतात. पण वडील दर रविवारी प्रार्थनेहून परतले की लोखंडी सरळपट्टी त्या लाकडाच्या कडेला लावतात, ती उजेडासमोर धरतात आणि फटीतून प्रकाश दिसतो का, ते पाहतात.