पाच मिलिमीटर

जुन्या बेल्जियन दुनळीचं चेंबर 65 मिलिमीटरचं निघालं, की ते 70 करून टाकावं, असं माझं कित्येक वर्षं ठाम मत होतं. आज तशी बंदूक कुणी घेऊन आलं तर मी नाही म्हणतो. मधल्या काळात कुठली नळी फुटली नाही की कुणाला इजा झाली नाही. नळीखालचे शिक्के वाचायला शिकलो आणि मत बदललं, इतकंच.

माझा जन्म टूलरूममध्ये गेला, आधी पुण्यात, मग मिशिगनमध्ये. निवृत्तीनंतर एका परवानाधारक गनस्मिथच्या दुकानात हौसेने लेथवर उभा राहू लागलो. तिथे बेल्जियममधल्या लिएजच्या बंदुका सारख्या यायच्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या अमेरिकेत ढिगाने आल्या. स्वस्त, आणि पुष्कळदा नामांकित इंग्लिश कारागिराशी मिळतंजुळतं नाव कोरलेल्या. असल्या मालाबद्दल मला काडीचा आदर नव्हता. वापरायची तर बदलायची, हा माझा हिशोब.

हिशोबाला कारणही होतं. आज 12 बोअरचं नेहमीचं काडतूस 70 मिलिमीटरचं असतं. ते आखूड चेंबरमध्येही बिनबोभाट बसतं, कारण ही लांबी उडाल्यानंतरची असते. बार होताना तोंडाची घडी उलगडते, तिला पुढे जागा मिळत नाही, छर्‍यांची वाट अरुंद होते आणि दाब चढतो. मग रीमर फिरवून पाच मिलिमीटर वाढवले की झालं!

दुकानाच्या मालकाने मला नळ्या सुट्या करून उलट्या धरायची सवय लावली. वर कोरलेलं नाव खोटं असू शकतं, खालचे ठसे मात्र लिएजच्या प्रूफ हाउसचे. तिथली चाचणीची परंपरा 1672 पासूनची. लंबगोलात ELG ही अक्षरं असतात. त्यावर मुकुट असेल तर बंदूक 1893 नंतरची. 1922 पासून वर्षासाठी एकेक अक्षर येतं. सिंहाखाली PV असेल तर धूरविरहित दारूची चाचणी झालेली. नळीचा आतला व्यासही मिलिमीटरच्या दशांशापर्यंत ठोकलेला असतो. एका नळीवर 18.4 होतं, माझा बोअर गेज 18.8 दाखवत होता. म्हणजे माझ्या आधी कुणीतरी आतून धातू काढला होता. तो शिक्का अजून तसाच ठळक होता, फक्त आता खरा राहिला नव्हता.

तिथे मी थबकलो. चेंबर वाढवताना मीही हेच करत होतो. दाब अजून भरपूर असतो नेमक्या त्या जागी भिंत पातळ करायची आणि चाचणीचा ठसा मात्र तसाच ठेवायचा. बेल्जियममध्ये असा बदल केलेली बंदूक पुन्हा प्रूफला जाते. अमेरिकेत सरकारी प्रूफ हाउसच नाही. लिएजच्या शिक्क्याच्या जागी मग उरतो तो लेथवरच्या माणसाचा शब्द. माझ्या हातावर माझा विश्वास आहे, पण शंभर वर्षांपूर्वीच्या नळीच्या पोलादाची हमी मी कशाच्या आधारावर देणार?

सरसकट ‘हात लावू नका’ असंही मी म्हणत नाही. ब्राउनिंगची ऑटो-5 ही एकनळी बंदूक घ्या. 1903 पासून ती बेल्जियममधल्या हर्स्टालला FN च्या कारखान्यात बनली. 1991 पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीला शिशाचे छर्रे बंद झाले. पोलादी छर्रे जुन्या बेल्जियन नळीतून, त्यातही एक चांदणी ठोकलेल्या घट्ट फुल चोकमधून, मारू नयेत. म्हणून लोक नळी कापून घेतात. चोक, म्हणजे नळीचा आवळलेला भाग, टोकाशीच असल्यामुळे तो कापलेल्या तुकड्याबरोबर जातो. पूर्वी मीही कापून दिल्या असत्या. आता सांगतो, त्याच बोअरची आणि तेवढ्याच चेंबरची, बदलत्या चोकची, ऑटो-5 साठीच जपानमध्ये बनलेली नळी बसवून घ्या आणि बेल्जियन नळी जपून ठेवा. हा बदल उद्या उलटा करता येतो. रीमरने काढलेला धातू परत बसवता येत नाही.

दुनळीवाल्यांना मी 65 मिलिमीटरची, कमी दाबाची काडतुसं मागवायला सांगतो, तीही नळ्या तपासून झाल्यावर आणि PV असेल तरच. गिर्‍हाईक कुरकुरतं, महाग पडतात म्हणतं. खरं आहे, महाग पडतात. पण तेवढ्यासाठी मी आता रीमर उचलत नाही.