व्हिएतनामच्या ताटापाशी

परदेशप्रवासाचे सुख डोळ्यांनी घ्यावे आणि भूक घरच्या खाकऱ्यांनी भागवावी, अशी आपल्यापैकी पुष्कळ घरांची रीत आहे. ती सोयीची आहे आणि निर्धास्तही. तरीही ज्या देशात आठ-दहा दिवस राहायचे, त्याच्या चुलीशी आपला काहीच संबंध येऊ नये, याची रुखरुख मनात राहतेच. गेल्या मे महिन्यात आम्ही सहकुटुंब व्हिएतनामला गेलो, तेव्हा आपले आहारनियम सांभाळून तिथले अन्न कितपत चाखता येते, हे पाहायचे आम्ही निघतानाच ठरवले होते. सोबत सासूबाई होत्या, त्यामुळे नियमांत सवलत मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

आमच्या घरी मसाल्याची पेढी आहे. व्हिएतनाम हे नाव आम्हाला नकाशाच्या आधी पोत्यांवरच्या छापातून ठाऊक झाले. आपल्या बाजारात दालचिनी म्हणून विकल्या जाणाऱ्या जाड सालीचा मोठा वाटा तिथून येतो, चक्रीफूलही तिथून येते. आणि काळ्या मिरीच्या निर्यातीत तर तो देश जगात पहिला आहे. हनोईतल्या पहिल्याच सकाळी याची प्रचिती आली. पदपथावर बुटक्या स्टुलांवर बसून माणसे 'फो' खात होती. फो म्हणजे तांदळाच्या शेवया आणि वाफाळता रस्सा. त्या वाफेतून चक्रीफूल, दालचिनी आणि लवंगेचा दरवळ आला आणि यजमान म्हणाले, "हा तर आपल्या गोदामाचा वास!" परंतु तो रस्सा हाडे तासन्‌तास उकळून केलेला असतो, आणि शाकाहारी फो मागवावा, तर त्यात मुळा आणि आले येते. आम्ही सुगंध घेतला आणि पुढे निघालो.

त्या देशात शाकाहाराला 'चाय' म्हणतात, फक्त उच्चार थोडा आखूड. आपल्याकडे हिंदीत चहाला जो शब्द आहे, तोच तिथे उपाहारगृहाच्या पाटीवर दिसला की शाकाहाऱ्याने खुशाल आत शिरावे. नुसते 'भाज्या द्या' म्हणून भागत नाही, कारण भाज्यांच्या पदार्थातही 'नुओक माम' म्हणजे माशांपासून केलेले खारे पाणी सर्रास पडते. 'चाय' म्हटले की मांस, मासे आणि ते पाणी एकदमच दूर होते. आणखी एक शब्द आम्ही पाठ केला: 'खोंग', म्हणजे नाही. 'खोंग हान्ह' म्हणजे कांदा नको, 'खोंग तोय' म्हणजे लसूण नको. माझी दहा वर्षांची मुलगी हे दोन मंत्र इतक्या खणखणीतपणे म्हणे की वाढणाऱ्या मुली हसून मान डोलावत.

या 'चाय'मागे बौद्ध परंपरा आहे. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला अनेक व्हिएतनामी कुटुंबे मांसाहार वर्ज्य करतात. एरवी मांस विकणारे काही दुकानदारही त्या दिवशी 'चाय'ची पाटी लावतात. अष्टमी-चतुर्दशीचे महत्त्व जाणणाऱ्या सासूबाईंना हे ऐकून मोठा संतोष वाटला. भिक्षूंसाठी कांदा-लसणासह पाच उग्र पदार्थ वर्ज्य मानलेले आहेत. गंमत अशी की त्या पाचांच्या जुन्या यादीत हिंगाचीही गणना होते. कांदा-लसूण सोडल्यावर ज्या हिंगावर आपली आमटी उभी राहते, तोच तिथे निषिद्ध! सासूबाईंनी पिशवीतली हिंगाची डबी मुकाट्याने आणखी आत सरकवली.

'चाय' आणि जैन भोजन यांत मात्र अंतर आहे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. गाजर, मुळा, अळकुड्या, अळंबी हे सारे 'चाय'मध्ये बसते, आपल्या पानात बसत नाही. कांद्याच्या कुळातली एखादी पातही कधी येते. म्हणून पाटी पाहून आत जावे आणि आत गेल्यावर पुन्हा विचारावे.

खरा आनंद मिळाला तो ह्वे शहरात. 1802 ते 1945 या काळात ही न्गुयेन राजांची राजधानी होती. राजवाडा आणि जुने मठ यांच्या सावलीत तिथला शाकाहार जपला गेला आहे. आम्ही पोचलो तेव्हा वैशाखी पौर्णिमा होती. बुद्धजयंतीनिमित्त हुओंग नदीच्या पात्रात प्रचंड गुलाबी कमळे उभारली होती आणि गल्लीगल्लीत 'चाय' शिजत होते. मे महिन्यात तिथे साडेसहाच्या आत सूर्य मावळतो, म्हणून आम्ही पाचलाच जेवायला बसलो.

प्रथम 'बान्ह बेओ' आले. लहानशा वाट्यांत वाफवलेल्या तांदळाच्या मऊ चकत्या आणि वर शिजवून वाटलेली मूगडाळ. मग 'कान्ह चुआ' हे आंबट सार. चिंच, अननस, टोमॅटो आणि त्यात चक्क भेंडी! आपल्या चिंचेच्या साराला अननसाचा जोड कसा शोभतो, हे तिथे कळले. तांदळाचा पारदर्शक पापड पाण्याने मऊ करून त्यात तुळशीच्या जातीची पाने, पुदिना, काकडी आणि टोफू गुंडाळायचे आणि मीठ, मिरपूड, लिंबाच्या कालवणात बुडवून खायचे, हा खेळ मुलांना फार आवडला. शेवटी 'चे', म्हणजे साखरेच्या पाकातले कमळबीज. ह्वेचे कमळबीज प्रसिद्ध आहे. दात लागताच ते पिठूळ विरघळते. सासूबाईंनी दुसरी वाटी मागितली. घराबाहेर त्यांनी असे काही मागितलेले मी क्वचितच पाहिले आहे.

याच पंगतीत एक प्रसंग घडला. मालकीणबाईंनी पाहुण्यांच्या सन्मानार्थ एक मोठी थाळी आणून ठेवली. तिच्यात अख्खा मासा होता, डोळे, कल्ले, खवले, शेपटी यांसह. सोयाबीनच्या दुधावरील सायीच्या थरांपासून तो केला होता. जिवाशी त्याचा काही संबंध नव्हता. मुलगी म्हणाली, "आजी, हा सोयाबीनचाच आहे ना? मग खायला काय हरकत आहे?"

सासूबाईंनी तिला राजा यशोधराची कथा सांगितली. आईच्या आग्रहाखातर त्याने खऱ्या कोंबड्याऐवजी पिठाचा कोंबडा करून देवीला बळी दिला. रक्त सांडले नाही, पण मारण्याचा संकल्प झाला. आणि त्या भावहिंसेचे फळ मायलेकरांना जन्मोजन्मी तिर्यंचगतीत भोगावे लागले. "पीठ निर्दोष होते, बाळा. हातात सुरी घेताना मनात काय होते, ते मोजले गेले."

आता प्रश्न त्या माउलीचा होता. तिने प्रेमाने केलेले कसे परतवावे? सासूबाईंनी वाटाड्यामार्फत निरोप दिला, "तुमच्या हातचे अन्न आम्हाला हवे आहे, फक्त हा आकार नको." बाई क्षणभर थबकल्या, मग थाळी आत घेऊन गेल्या. थोड्या वेळाने तेच अन्न साध्या चौकोनी तुकड्यांत आले, वर लेमनग्रासचा चुरा पेरलेला. आम्ही ते आवडीने संपवले. वाटाड्याने समजावले की महिन्यातले अनेक दिवस मांस खाणाऱ्या माणसाला तिथीच्या दिवशी हा ओळखीचा आकार आधार देतो. त्याचे म्हणणे पटण्यासारखे होते. त्याच्यासाठी ती मांसाहारातून उतरण्याची पायरी आहे. पण पायरी एकच असली, तरी आपल्या मुलांची तोंडे उलट्या दिशेला असू शकतात.

ही चिंता केवळ परदेशातली नाही. मुंबई-पुण्याच्या दुकानांतही आता वनस्पतिजन्य 'चिकन' आणि 'कबाब' शीतपेटीत मिळतात. वेष्टनावर हिरवा ठिपकाही असतो. मुले विचारतील की यात जीव कुठे आहे, आणि नुसता ठिपका दाखवून त्यांचे समाधान होणार नाही. उत्तर प्रत्येक घराने आपापल्या ताटापाशी बसून शोधावे. आमच्या घरी परवा एका वाढदिवसाच्या पंगतीत असे 'कबाब' फिरत आले, तेव्हा मुलीने हसून हात आडवा धरला आणि वाढणाऱ्याला म्हणाली, "काका, याचे चौकोनी तुकडे मिळतील का?"