जानेवारी की जून?

गेले पंधरा दिवस आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर ताटं कमी आणि याद्याच जास्त मांडल्या जाताहेत. चिरंजीवांची बदली झाली आहे. फिनिक्सहून मिनिआपोलिसला. आणि रुजू कधी व्हायचंय, तर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात! मी नकाशा काढून पाहिला (जुनी सवय, पस्तीस वर्षं फळ्यावर नकाशे टांगले). फिनिक्स ३३ अक्षांशावर, मिनिआपोलिस ४५ वर. रस्त्याने जायचं तर साधारण १,८०० मैल.

मी ऑक्टोबरात इथे आले तेव्हा आमच्या सोलापूरच्या मैत्रिणी म्हणाल्या होत्या, बरं आहे बाई तुझं, उन्हातून उन्हातच चाललीस. खरंच फिनिक्स मला कधी परकं वाटलं नाही. तशीच तापलेली भिंत, तसाच दुपारचा शुकशुकाट. फक्त प्रमाण मोठं. २०२३ च्या उन्हाळ्यात इथे सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट किंवा त्याहून वर होता, म्हणजे आपले ४३ अंश. सोलापुरात आपण त्रेचाळीस म्हटलं की "काय ऊन हो" म्हणत चार दिवस काढतो आणि मग एखादा वळीव येऊन जातो. इथे महिनाभर तेच.

आणि आता तिकडे? जानेवारीतली मिनिआपोलिसची नेहमीची रात्र सुमारे उणे १३ अंश सेल्सियसची. ती नेहमीची. ३० जानेवारी २०१९ ला उणे ३३ झालं होतं आणि वारा धरला तर अंगाला लागणारी थंडी उणे ४८ च्या आसपास. आपल्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा उणे १८ असतो. म्हणजे त्या दिवशी ऊब हवी असेल तर त्या कप्प्यात जाऊन बसावं! हे मी चिऊला सांगितलं तर ती इतकी हसली की दूध सांडलं. पण रात्री झोपताना तिने विचारलंच, "आजी, मग तिथली मुलं मरत नाहीत का?"

चिऊ नऊ वर्षांची आहे, चौथीत. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

मुलांच्या मरण्याचं तिने विचारलं आणि मी गप्प झाले, कारण त्याच दिवशी दुपारी मी वाचलं होतं. १२ जानेवारी १८८८ ला त्या सगळ्या पट्ट्यात, म्हणजे नेब्रास्का, डाकोटा आणि मिनेसोटात, एक हिमवादळ झालं. सकाळी हवा इतकी छान होती की मुलं जाड कोट न घालताच शाळेत गेली. आणि ऐन शाळेच्या वेळात वादळ आलं. २३५ माणसं गेली असं सांगतात, त्यात शाळेची मुलं पुष्कळ. तेव्हाच्या शाळा एका खोलीच्या, बाई एकटी, वय वीसच्या आतबाहेर. मुलांना इथेच ठेवायचं की घरी पाठवायचं, हे त्या पोरसवदा बाईने ठरवायचं. मिनी फ्रीमन नावाच्या नेब्रास्कातल्या एका शिक्षिकेच्या शाळेचं छप्पर उडालं आणि ती सगळ्या मुलांना घेऊन जवळच्या शेतघरापर्यंत पोचली, सगळी वाचली. मी ते वाचून चष्मा काढून बराच वेळ बसून राहिले. नदीला पूर आला म्हणून मुलांना शाळेत थांबवायचं की सोडायचं, हा प्रश्न मलाही नोकरीच्या पहिल्या वर्षी एका खेड्यात पडला होता.

आता तसं नाही. घरं गरम असतात, हवामानाचा अंदाज आठवडाभर आधी असतो. ६ जानेवारी २०१४ ला तर तिथल्या गव्हर्नरांनी थंडीसाठी राज्यातल्या सगळ्या सरकारी शाळांना सुट्टी दिली होती. चिऊला हे फार आवडलं. पावसाची सुट्टी आपण दिली-घेतली, थंडीची सुट्टी मात्र मला नवीन.

हं, तर मुद्द्यावर येते. चिरंजीवांनी एक तक्ता केला होता. त्यात असं होतं की जानेवारीत तो एकटा पुढे जाणार, छोटी खोली घेणार. सूनबाई आणि चिऊ इथेच राहणार, मेअखेर इथली शाळा संपली की जूनमध्ये जाणार. मला मात्र डिसेंबरातच सोलापूरला पाठवून द्यायचं, कारण "आई, तुला ती थंडी सोसणार नाही." तक्ता चांगला होता. प्रत्येक रकान्याला कारण होतं. वर्षाच्या मध्ये शाळा बदलायला नको. बर्फात सामान हलवायला नको. हिवाळ्यात घर शोधायला नको, कारण छपरावर आणि अंगणात बर्फ असला की खाली काय आहे ते दिसतच नाही. जूनमध्ये सगळं कसं हिरवंगार असेल, पोरीला गाव पहिल्याच दिवशी आवडेल.

सूनबाई काही बोलली नाही. तिचं काम घरातूनच चालतं, तिला कुठूनही करता येतं. ती नुसती मटार सोलत होती. आणि मी म्हणाले, "नको."

तो म्हणाला, "काय नको?"

"जून नको. सगळे जानेवारीतच जा."

आता हे मी का म्हणाले ते लिहायला हवं. नातेवाइकांपैकी जुन्यांना ठाऊक आहे, नव्यांना नाही.

१९८८ साली यांची बँकेतून नागपूरला बदली झाली. चिरंजीव तेव्हा चौथीत. चौथीला तेव्हा स्कॉलरशिप असायची (नंतर काही वर्षं ती पाचवीला होती). मुलगा हुशार, शाळेला आशा, मलाही. ठरलं की यांनी पुढे जायचं, परीक्षा झाली की बघू. शिवाय माझी नोकरी अनुदानित शाळेतली, कायम झालेली, ती उचलून नागपूरला नेता येत नव्हती. हेही खरंच होतं, मी आज शहाणपण सांगताना ते लपवणार नाही. पण आम्ही लोकांना कारण सांगायचो ते स्कॉलरशिपचं. मग पाचवीत नवीन शाळा, तिथे रुळू दे. मग सातवीची स्कॉलरशिप. दर जूनला एक कारण तयार असायचं आणि प्रत्येक कारण बरोबर असायचं. असं करत पाच वर्षं गेली.

हे दीड-दोन महिन्यांनी यायचे. मनमाडला गाडी बदलायची, मग दौंड, मग सोलापूर. येताना संत्री आणायचे. खानावळीबद्दल कधी तक्रार नाही, पत्रातही नाही. आंतरदेशीयवर शेवटी ठरलेलं वाक्य, "माझी काळजी नसावी." १९९३ मध्ये बदली होऊन परत आले. आम्ही घर रंगवून घेतलं होतं. पहिल्या दिवशी सकाळी आंघोळीला जाताना न्हाणीघराच्या दाराशी उभे राहून मला म्हणाले, "यातला मी कुठला टॉवेल घेऊ?"

दोरीवर तीन टॉवेल होते. आमच्याच घरात, आमच्याच दोरीवर. मी म्हटलं, कुठलाही घ्या हो. पण कितीतरी महिने ते असंच विचारत राहिले. कपबशी धुऊन उपडी घालायचे. चिरंजीव तेव्हा नववीत, वडील खोलीत आले की उठून उभा राहायचा. मान म्हणून नव्हे. पाहुणे आले की मुलं उठतात ना, तसा.

हे सगळं मी टेबलावर बोलले नाही. एवढंच म्हणाले की आम्ही एका परीक्षेसाठी थांबलो होतो. तो म्हणाला, "आई, तेव्हा तुझी नोकरी होती. तो प्रश्न वेगळा होता. आणि माझं काय वाईट झालं? बाबा तरी कधी तक्रार करायचे का?"

मी म्हटलं, "नाही करायचे."

मग त्याने लॅपटॉप मिटला. बराच वेळ कोणी बोललं नाही. सूनबाईने मटाराची सालं गोळा केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा करत होते तेव्हा ती येऊन म्हणाली, "आई, आम्ही सगळेच जातोय. तुम्ही तुमच्या मार्चच्या तिकिटापर्यंत थांबाल ना?"

झालं. तेव्हापासून या याद्या.

चिऊ रुसली आहे. वसंतातल्या नाटकात तिला काम मिळालं होतं, ते जाणार. मैत्रिणी जाणार. मी तिला "तिथे नवीन मिळतील" असं म्हणाले नाही. बदलीवाल्यांची मुलं वर्गात मधेच यायची, मी ती वर्षानुवर्षं पाहिली आहेत. पहिले पंधरा दिवस डबा एकटी खातात. हे होणारच. तिथल्या शाळेत प्रवेशाची अडचण नाही, घराचा पत्ता, लसीकरणाची नोंद आणि इथल्या शाळेचे कागद नेले की सरकारी शाळा वर्षाच्या मध्येही घेते. डबा कोणाबरोबर खायचा ते मात्र कुठल्या कागदावर नसतं.

बाकी तयारीत मी बरंच शिकले. घर विकत घ्यायचं नाही, आधी वर्षभर भाड्याने, आणि गॅरेज घराला जोडलेलंच हवं. सूनबाई म्हणते, बर्फात बाहेरच्या गॅरेजपर्यंत जाण्यातच माणूस अर्धा संपतो. गाडी ट्रकवर चढवून पाठवायची, कारण चिरंजीवांनी बर्फात कधी चाक फिरवलेलं नाही आणि पहिला धडा १,८०० मैलांचा नको. ती चढवायच्या आधी काच धुवायचं पाणी बदलायचं, इथलं उन्हाळी पाणी तिथे गोठून टाकी फोडतं. बॅटरीही तपासून घ्यायची. गंमत अशी की बॅटरी मरते ती इथल्या उन्हाने, पण ते कळतं थंडीत, सकाळी गाडी सुरू होत नाही तेव्हा.

कपडे इथून घेऊ नयेत, तिथेच घ्यावेत, इथल्या दुकानात मिळतं ते तिथे शरदातच घालतात म्हणे. विमानतळावरून घरापर्यंत पोचण्यापुरतं मात्र अंगावर हवं. आणि आतून सुती नको! सुती कापड घाम धरून ठेवतं आणि तोच ओलावा गारठवतो, आत लोकर बरी. सोलापूरच्या बाईने सुताविरुद्ध लिहायचं म्हणजे पाहा. माझी सोलापुरी चादर मी नेणारच आहे, पण ती घरात. हातमोजे पाच बोटांचे नकोत, पिशवीसारखे हवेत, बोटं एकमेकांना ऊब देतात. (हे मला फार पटलं.)

अंगणातल्या लिंबाच्या झाडाला या वर्षी खूप लिंबं लागली आहेत. मी दोन बरण्या लोणचं घातलं. सामानाचा ट्रक आठ-दहा दिवस रस्त्यात असणार, त्यात बरण्या ठेवल्या तर रस्त्यातच गोठून फुटायच्या. म्हणून लोणचं आमच्याबरोबर विमानाने येणार, माझ्या बॅगेत, तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत आणि एका जुन्या साडीत गुंडाळून.

एक गोष्ट वाचून बरं वाटलं. मिनेसोटात १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल या काळासाठी नियम आहे, बिल थकलं तरी हप्ते ठरवून घेऊन ते भरत राहिलं की घर गरम ठेवणारा गॅस किंवा वीज तोडता येत नाही. इकडे अ‍ॅरिझोनात २०१९ पासून उलटं, भर उन्हाळ्यात थकबाकीसाठी वीज तोडण्यावर बंदी आली, कारण पंखा-एसी बंद पडून माणसं दगावली होती. कुठे काय तोडलं की माणूस मरतो, ते गावागणिक वेगळं.

मराठीची बी. ए. असून एक शब्द मात्र मला सापडत नाही. आपल्याकडे पावसाला किती शब्द, भुरभुर, रिमझिम, झड, संततधार, वळीव. आणि आकाशातून पडणाऱ्या या पांढऱ्या गोष्टीला? हिम म्हटलं तर पुस्तकातलं, बर्फ म्हटलं तर गोळेवाल्याचं. चिऊला काय म्हणून दाखवू? सध्या मी "बर्फाची भुरभुर" म्हणते आहे. कोणाला याहून बरा सुचला तर कळवा.

राहिली मी. माझा डावा गुडघा कुरकुरतो, वय चौऱ्याहत्तर. मला भीती वाटत नाही असं नाही, पुष्कळ वाटते. रस्त्यावर काचेसारखा बर्फ असतो तो दिसत नाही म्हणतात. प्रवासाचा विमा मार्चपर्यंतचा आहे. चिरंजीवांनी मला नियम घालून दिलाय, एकटीने दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. ऐकणार आहे. तिथे हिवाळ्यात साडेचारच्या सुमाराला दिवस मावळतो, पोर शाळेतून येईपर्यंत अंधारायला लागलेलं असणार. त्या वेळी दिवा लावून घरात कोणीतरी बसलेलं असावं. तेवढं काम मला गुडघा न हलवता जमेल.

हातातल्या बॅगेची यादी मी स्वतःकडे घेतली आहे. औषधं, चिऊची पाठ्यपुस्तकं, एक कुकर, मीठ-मसाल्याचा डबा, चार टॉवेल. सामान पोचेपर्यंत पुरायला हवं.

नाशिकच्या वहिनी, तुम्ही फोनवर विचारलंत, तर हो, कानटोपी जरूर विणा. चिऊच्या डोक्याचं माप ५२ सेंटिमीटर. कान पूर्ण झाकले पाहिजेत आणि हनुवटीखाली बांधायला दोरी हवी. रंग तिने निळा सांगितलाय, गुलाबी अजिबात नको म्हणते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत इथल्या पत्त्यावर पोचली तर उत्तम, नाहीतर नवीन पत्ता मी कळवतेच.